कंसातील शब्द : विशेष शिक्षकाच्या विद्यापीठीय प्रशिक्षणाचा इतिहास

विद्यापीठाच्या पदवीपत्रावरील मजकूर वाङ्मयाच्या अभ्यासकांनी लक्षपूर्वक वाचावा, असे सहसा कोणी सुचवीत नाही. तथापि भाषेतील एखादा लहानसा प्रघातही पुष्कळ काही सांगून जातो, ही आपल्याच शास्त्राची शिकवण आहे. मराठी, इतिहास किंवा गणित शिकविणाऱ्या शिक्षकाच्या पदवीला 'बी.एड.' एवढे नाव पुरते. विशेष शिक्षकाच्या पदवीला मात्र 'विशेष शिक्षण' हे शब्द जोडले जातात आणि त्यांच्यापुढे कंसात आणखी एक शब्द येतो : श्रवणदोष, दृष्टिदोष, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, स्वमग्नता. पहिला शिक्षक जो विषय शिकवितो त्यावरून ओळखला जातो. दुसरा, तो ज्या मुलांना शिकवितो त्यांच्या अक्षमतेवरून. हा कंस केव्हा व कशासाठी घातला गेला, त्याच्या आत कोणते ज्ञान साठले, आणि त्याच्या बाहेर काय राहून गेले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रारंभी कंसही नव्हता आणि पदवीही नव्हती. १८८५ साली मुंबईत बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने कर्णबधिर मुलांची शाळा सुरू झाली. भारतातील अशा औपचारिक शाळांत ती पहिली मानली जाते. १८८७ मध्ये ॲनी शार्प यांनी अमृतसरला अंध मुलांची शाळा काढली. ती पुढे डेहराडूनजवळ हलविण्यात आली. १८९३ मध्ये कोलकात्यात कर्णबधिरांची शाळा निघाली, आणि १९०० साली मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी अंध मुलांना शिकवावयास आरंभ केला. या शाळांतील शिक्षक घडत असे तो शाळेतच. ज्येष्ठ शिक्षक मुलाचा हात आपल्या कंठावर ठेवून ध्वनीचा कंप कसा जाणवू देतो, बोटाखालचा ठिपका ओळखण्याचा सराव किती दिवस घ्यावा लागतो, हे पाहत पाहत नवशिका शिक्षक तयार होई. सुतारकाम किंवा गायन जसे गुरूच्या सान्निध्यात आत्मसात होते, तशीच ही विद्या होती. तिचे बळही त्यातच होते आणि दुबळेपणही. गुरूचा हातखंडा शिष्याकडे येई, तसे गुरूचे ग्रहही येत.

ग्रहांचे सर्वात मोठे उदाहरण म्हणजे कर्णबधिरांच्या शिक्षणातील भाषेचा प्रश्न. मिलान येथे १८८० साली भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने हातांच्या खुणांपेक्षा मौखिक पद्धती श्रेष्ठ असल्याचा ठराव केला. मुलाने ओठ वाचावेत आणि वाणीने बोलावे. खुणांची भाषा वर्गात नको, असा त्याचा आशय. ज्या काळात भारतातील पहिल्या शाळा उभ्या राहत होत्या, नेमक्या त्याच काळात हा ठराव जगभरच्या शिक्षकांचा मार्गदर्शक झाला होता. या परिषदेच्या परंपरेतील व्हँकुव्हरच्या अधिवेशनात २०१० साली त्या ठरावाबद्दल जाहीर खेद व्यक्त करण्यात आला. मधली १३० वर्षे शिक्षक-प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमांवर त्याची छाया राहिली.

ही विद्या विद्यापीठाच्या दारात प्रथम गेली ती पश्चिमेत. वॉशिंग्टन येथील कर्णबधिरांच्या महाविद्यालयात, म्हणजे आजच्या गॅलोडेट विद्यापीठात, १८९१ साली शिक्षक-प्रशिक्षणाचा वर्ग सुरू झाला. त्याच्या आरंभीची एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी या वर्गाला विरोध केला होता. या वर्गातून कर्णबधिर व्यक्तीच शिक्षक होऊन बाहेर पडतील आणि मौखिक पद्धती मागे पडेल, अशी त्यांना भीती होती. अखेर वर्ग सुरू झाला, पण तो ऐकू येणाऱ्यांसाठी. ज्यांची भाषा शिकवावयाची त्यांनाच ती शिकविण्याचे शिक्षण नाकारून या मार्गाचा पहिला टप्पा गाठला गेला, असे म्हणावे लागते.

त्यानंतर १९१९ मध्ये इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठात कर्णबधिरांच्या शिक्षणाचा स्वतंत्र विभाग निघाला. आयरीन गोल्डसॅक या त्याच्या पहिल्या अध्यापिका. विभागासाठी देणगी दिली होती एका कर्णबधिर मुलाच्या पित्याने. अमेरिकेत १९२० च्या दशकाच्या आरंभी पर्किन्स अंधशाळा व हार्वर्ड विद्यापीठ यांनी मिळून अंधांच्या शिक्षकांसाठी अभ्यासक्रम चालविला. १९२२ मध्ये न्यूयॉर्कच्या टीचर्स कॉलेजात एलिझाबेथ फॅरेल यांच्या अध्यक्षतेखाली विशेष शिक्षकांची संघटना उभी राहिली. या साऱ्या घटनांत दोन सूत्रे दिसतात. एक, विद्यापीठाने या कामाला शास्त्राचा दर्जा दिला. श्रवणाचे मापन, भाषाविकासाचा अभ्यास, मानसशास्त्र यांच्या आधारे शिक्षक विचार करू लागला; दयेची भाषा मागे पडून ज्ञानाची भाषा आली. दुसरे असे की, हे शास्त्र जन्मापासूनच वर्गवारीने विभागलेले होते. बधिरांचा शिक्षक वेगळा, अंधांचा वेगळा. आपल्या लेखाच्या आरंभी आलेल्या कंसाचे मूळ येथे आहे.

स्वातंत्र्यानंतर भारतात हा प्रवास नव्याने झाला. १९५१ साली भारतीय भाषांसाठी एकच समान ब्रेल, म्हणजे भारती ब्रेल, निश्चित करण्यात आली. भाषेच्या अभ्यासकांना ही घटना विशेष रोचक वाटावी. देवनागरी, बंगाली, तमिळ या लिप्यांची वळणे भिन्न असली, तरी वर्णमालेची मांडणी मूलतः ध्वनीवर आधारलेली आहे. भारती ब्रेलने डोळ्यांना दिसणारी वळणे बाजूस सारून ध्वनीचाच आधार घेतला. म्हणून मराठीतला 'क' आणि बंगालीतला 'क' बोटाला सारखाच लागतो. दृष्टिहीनांच्या शिक्षकाला आता निश्चित असे एक शास्त्र शिकावयाचे होते. मुंबईत १९५२ साली राष्ट्रीय अंधजन संघाची स्थापना झाली आणि साठच्या दशकात या शहरात अंधांच्या शिक्षकांचे नियमित प्रशिक्षणही आकारास आले.

बौद्धिक अक्षमतेच्या क्षेत्रात वाट पालकांनी काढली. होरमसजी व वेरा वकील यांनी आपल्या मुलीसाठी, जयसाठी, १९४४ मध्ये मुंबईत सुरू केलेली शाळा आज तिच्याच नावाने ओळखली जाते. मेंदूच्या पक्षाघाताने ग्रस्त मुलांसाठी मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत संस्था स्थापन केली, तीही आपल्या मुलीच्या निमित्ताने. पुढे त्या संस्थेने शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे कामही हाती घेतले. मँचेस्टरचा तो पिता आणि मुंबईतील हे पालक यांच्यात एक नाते दिसते. शाळेने दार लावले म्हणून त्यांना शाळा काढावी लागली, आणि शाळेला शिक्षक मिळेना म्हणून शिक्षक घडविण्याची सोय पाहावी लागली.

राज्यसंस्था या कामात हळूहळू उतरली. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने अपंग मुलांचे शिक्षण हा सर्वसाधारण शिक्षणव्यवस्थेचाच अविभाज्य भाग असला पाहिजे, अशी भूमिका घेतली. १९७४ मध्ये अपंग मुलांच्या एकात्म शिक्षणाची केंद्रीय योजना आली. ती प्रथम समाजकल्याण खात्याकडे होती. १९८२ मध्ये शिक्षण खात्याकडे आली. दरम्यान राष्ट्रीय संस्थांची साखळी तयार होत होती. दृष्टिहीनांसाठी डेहराडूनला १९७९ मध्ये, कर्णबधिरांसाठी मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची संस्था १९८३ मध्ये, आणि बौद्धिक अक्षमतेसाठी सिकंदराबादला १९८४ मध्ये. संस्था तीन, शहरे तीन, वर्गही तीन. यांच्या अभ्यासक्रमांना विद्यापीठांची संलग्नता मिळत गेली. विद्यापीठ अनुदान आयोगाने विशेष शिक्षणाच्या शिक्षक-प्रशिक्षणासाठी विद्यापीठांना साहाय्य देण्याची योजना आखली. महर्षी कर्वे यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठानेही विशेष शिक्षणाचा विभाग चालविला. स्त्रीशिक्षणासाठी जन्मलेल्या विद्यापीठात हा विभाग असणे आम्हाला अर्थपूर्ण वाटते. 'यांना शिकवून काय उपयोग?' हा प्रश्न दोन्ही ठिकाणी विचारला गेला होता.

येथवरचा इतिहास सरळ रेषेत जातो. यानंतर मात्र दोन वाटा फुटतात, आणि त्यांपैकी एकीचा आज विसर पडला आहे. १९८७ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने युनिसेफच्या साहाय्याने अपंगांच्या एकात्म शिक्षणाचा प्रकल्प हाती घेतला. निवडलेल्या राज्यांत महाराष्ट्रही होता. या प्रकल्पात एखादी निराळी शाळा न निवडता एक संपूर्ण गट, म्हणजे त्या परिसरातील सर्व शाळा, घेतलेल्या होत्या. शिक्षक-प्रशिक्षणाची रचना तीन पायऱ्यांची होती : सर्व शिक्षकांना सुमारे आठवड्याचे प्रशिक्षण, त्यांतील काहींना सहा आठवड्यांचे, आणि संसाधन शिक्षक होणाऱ्यांना वर्षभराचे. हे वर्षभराचे प्रशिक्षण एकाच अपंगत्वापुरते नसून बहुवर्गीय होते. गावच्या शाळेत अंध, बधिर व मंदगती अशी मुले एकेका संख्येनेच येणार, तेव्हा तेथील शिक्षकाला साऱ्यांविषयी थोडेबहुत ठाऊक असावे, हा त्यामागचा विचार. या रचनेत विशेष शिक्षक आणि वर्गशिक्षक ही एकाच जिन्याच्या निरनिराळ्या पायऱ्यांवरील माणसे होती.

मग कायदे आले. १९९२ मध्ये संसदेने भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा केला. परिषद १९८६ पासून नोंदणीकृत संस्थेच्या रूपात होतीच. १९९३ मध्ये तिला वैधानिक अधिकार मिळाले. विशेष शिक्षकांचे अभ्यासक्रम ठरविणे, संस्थांना मान्यता देणे आणि व्यावसायिकांची केंद्रीय नोंदवही ठेवणे ही तिची कामे. नोंदवहीत नाव नसलेल्याने हे काम केल्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद त्या कायद्यात आहे. १९९३ च्या अखेरीस सर्वसाधारण शिक्षक-प्रशिक्षणासाठी दुसरा कायदा झाला आणि त्यातून राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद वैधानिक झाली. पहिली परिषद समाजकल्याणाच्या मंत्रालयाकडे, दुसरी शिक्षणाच्या मंत्रालयाकडे. एकाच संसदेने दीड वर्षाच्या आत शिक्षक या एका व्यवसायासाठी दोन दरवाजे उभारले. महाराष्ट्रातही विशेष शाळांचा कारभार शालेय शिक्षण विभागाकडे न राहता सामाजिक न्याय विभागाकडे राहिला. २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाला.

या व्यवस्थेला दोष देणे सोपे आहे. तिच्यामागची गरज समजून घेणे अधिक अगत्याचे. नोंदवही येण्यापूर्वी विशेष शाळांत कोणीही, कसल्याही शिक्षणाविना, कितीही वर्षे शिकवीत राही. दयाळूपणा ही पात्रता समजली जाई, आणि दयाळू माणसाच्या हातूनही मुलाची वर्षे वाया जात. कायद्याने सांगितले की हे काम ज्ञानाचे आहे. आधीपासून काम करणाऱ्या अप्रशिक्षित शिक्षकांसाठी सेतू अभ्यासक्रम काढण्यात आले. अनेक वर्षे मुलांत रमलेल्या शिक्षकांना आपल्याच विद्येचे प्रमाणपत्र मिळविण्यासाठी बाकावर बसावे लागले. शाळेत वाढलेली गुरुपरंपरा येथे विद्यापीठाच्या व राज्याच्या स्वाधीन झाली.

कंसाच्या आत नेमके काय शिकविले जाते, हे पाहिल्याशिवाय त्याची योग्यता कळणार नाही. साहित्याच्या शिक्षकांना जवळचे असे एक उदाहरण घेऊ. 'पाळ', 'बाळ' आणि 'माळ' हे तीन शब्द आरशासमोर उभे राहून, आवाज न काढता उच्चारून पाहावेत. ओठ तिन्ही वेळा सारखेच मिटतात. कानाची पाळ, पाळण्यातले बाळ आणि गळ्यातील माळ यांतला भेद ओठवाचन करणाऱ्या मुलाने संदर्भावरूनच ओळखावयाचा असतो. आणि संदर्भ ओळखण्यासाठी भाषा आधी यावी लागते. 'रामाने', 'रामाला', 'रामाचा' यांतील प्रत्यय तर वाक्याच्या ओघात ओठांवर क्षणभरही ठरत नाहीत. ऐकणारे मूल विभक्ती न शिकताच शिकते. बधिर मुलाच्या शिक्षकाला ती जाणीवपूर्वक, क्रमाने, चित्रांतून, लेखनातून आणि खुणांतून उभी करावी लागते. आपण ज्याला सहज येणारी मातृभाषा म्हणतो तिचे सहजपण किती गोष्टींवर अवलंबून असते, हे या शिक्षकाइतके क्वचितच कोणाला ठाऊक असेल.

अशीच सूक्ष्मता इतर विशेषीकरणांतही आहे. प्रत्येक मुलाची सद्यःस्थिती तपासून त्याच्यापुरता वैयक्तिक शिक्षण आराखडा तयार करणे. 'कपडे घालणे' यासारख्या कृतीचे लहान लहान टप्पे पाडून एकेक टप्पा शिकविणे. अक्षरे उलटसुलट लिहिणाऱ्या मुलाचा आळस कोणता आणि अध्ययन अक्षमता कोणती, याचा विवेक करणे. पाठटिपण, पाठनिरीक्षण, सरावपाठ ही बी.एड.ची परिचित चौकट येथेही असते. फरक इतकाच, की टिपणाचा आरंभ पाठ्यपुस्तकातील घटकापासून न होता समोरच्या एका मुलापासून होतो. २०१५ पासून हा पदवी अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला. त्यात शालेय विषयांचे अध्यापन, सर्व अपंगत्वांचा सामाईक परिचय आणि निवडलेले विशेषीकरण अशी मांडणी आली. बारावीनंतरची पदविका, पदवीनंतरचे बी.एड. आणि त्यापुढे एम.एड. अशा या मार्गाच्या पायऱ्या रूढ झाल्या. कंसाच्या भिंती काहीशा पातळ झाल्या, त्या अशा.

कंसातील शब्दही स्थिर राहिले नाहीत. 'मूकबधिर' मागे पडून 'कर्णबधिर' आला, आणि नंतर 'श्रवणदोष'. 'मतिमंद' हा शब्द एके काळी शाळांच्या पाट्यांवर निःसंकोचपणे लिहिला जाई; आज तो अवमानकारक वाटतो आणि 'बौद्धिक अक्षमता' हा शब्द रूढ झाला आहे. राष्ट्रीय संस्थांची नावेही त्याप्रमाणे बदलली. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते; २०१६ च्या कायद्यात ते २१ झाले, त्यांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा स्पष्ट समावेश आहे. 'अपंग'च्या जागी आलेल्या 'दिव्यांग' या शब्दाविषयी त्या समाजातच मतभेद आहेत. ज्याला हक्क हवा आहे त्याला दिव्यत्व देऊन भागत नाही, हा आक्षेप आम्हालाही विचारार्ह वाटतो. शब्द बदलल्याने मनोवृत्ती बदलते का, हा जुना वाद आहे. परंतु शिक्षकाच्या पदवीवर तो शब्द आयुष्यभर राहतो, म्हणून येथे त्याला अधिक वजन आहे.

आता कंसाबाहेर पाहू. अंध किंवा बधिर मूल आज केवळ विशेष शाळेत नाही. ते गावच्या, वस्तीतल्या शाळेत आहे. १९९४ च्या सालामांका परिषदेत ९२ देशांच्या शासनांनी समावेशक शिक्षणाचा पुरस्कार केला. आपल्याकडे २०१६ च्या कायद्याने ते शासनाचे कर्तव्य ठरविले. म्हणजे या मुलाला दिवसातील अधिक काळ भेटणारा शिक्षक विशेष शिक्षक नसून मराठीचा, गणिताचा, विज्ञानाचा आहे. त्या शिक्षकाच्या दोन वर्षांच्या बी.एड.साठी आखलेल्या राष्ट्रीय आराखड्यात समावेशक शाळेसाठी जागा आहे ती एका अर्ध्या अभ्यासक्रमाची. एका बाजूस एका अक्षमतेविषयी सारे जाणणारा शिक्षक, दुसऱ्या बाजूस साऱ्या अक्षमतांविषयी अर्ध्या पेपराएवढे जाणणारा. आणि दोघांच्या मध्ये मूल. १९८७ च्या त्या तीन पायऱ्यांच्या जिन्याची आठवण येथे होते.

विशेष शिक्षकांचे संख्याबळही अपुरेच राहिले. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सर्वसाधारण शाळांतील विशेष शिक्षकांच्या नेमणुकांविषयी निर्देश दिले. २०२५ मध्ये राज्यांना पदे निश्चित करून अधिसूचित करण्यास पुन्हा सांगावे लागले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विशेष मुलांना शिकविण्याचे ज्ञान प्रत्येक शिक्षक-प्रशिक्षणाचा अविभाज्य भाग असावा, आणि दोन्ही परिषदांच्या अभ्यासक्रमांत मेळ घालावा, असे म्हटले. कोठारी आयोगानंतर अर्धशतक उलटल्यावर 'अविभाज्य' हे विशेषण पुन्हा वापरावे लागले, यातच या इतिहासाची खंत आहे.

एक दार मात्र खरोखर उघडले आहे. दिल्लीत २०१५ मध्ये भारतीय सांकेतिक भाषेचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. त्याने २०१८ मध्ये ३,००० शब्दांचा कोश प्रसिद्ध केला, आणि सांकेतिक भाषा शिकविण्याची पदविका खास कर्णबधिर उमेदवारांसाठी चालविली. १८९१ साली ज्यांना शिक्षकांच्या वर्गाबाहेर ठेवले गेले, त्यांच्याच समाजातील माणसे आता आपल्या भाषेचे शिक्षक म्हणून प्रशिक्षित होत आहेत. अनुभवाला पात्रता मानणारी ही वाट अजून अरुंद आहे. तरी आजवरच्या साऱ्या पदव्यांना जे साधले नाही ते तिने साधले आहे.

कंस पुसून टाकावा, असे आमचे म्हणणे नाही. ब्रेल वाचणारी बोटे, खुणांचे व्याकरण, स्वमग्न मुलाच्या मौनाचा अर्थ ही विद्या वर्षानुवर्षांच्या सरावाने येते आणि तिला स्वतंत्र पदवी हवीच. आमचे म्हणणे इतकेच, की त्या कंसातील विद्येचा काही अंश प्रत्येक शिक्षकाच्या पदवीत, कंसाविना, असला पाहिजे. आमच्या वाचकांतील पुष्कळ जण उद्या मराठीच्या वर्गावर उभे राहतील. कविता वाचताना फळ्याकडे तोंड करून वाचू नये, कारण मागच्या बाकावर कोणीतरी ओठ वाचत असेल. हे त्यांना कोणत्या पेपरात शिकविले गेले होते, असे त्यांनी स्वतःस एकदा विचारून पाहावे.